पाटी चार ठिकाणी, नकाशावर सात

प्रश्न: सासऱ्यांनी गिरगावात सुरू केलेलं चष्म्याचं दुकान आता मी आणि माझे दीर मिळून चालवतो. गिरगावची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा ते दुकान दादर पश्चिमेला हलवलं. शिवाय विलेपार्ले पूर्व, मुलुंड पश्चिम आणि डोंबिवली पूर्व अशा तीन शाखा आहेत. काचा कापायचं, फ्रेममध्ये बसवायचं काम लोअर परळच्या गाळ्यात चालतं. गुगल मॅपवर मात्र आम्ही सात ठिकाणी दिसतो. गिरगावचं दुकान अजून उघडं दाखवतंय. पार्ल्याची दोन प्रोफाइल आहेत. मुलुंडचं प्रोफाइल एका जुन्या सेल्समनने स्वतःच्या जीमेलवरून बनवलं होतं आणि तो काम सोडून गेला. लोअर परळच्या गाळ्यावर लोक फ्रेम बघायला येऊन धडकतात. दीर म्हणतात, सगळं काढून टाकू. एकच प्रोफाइल आणि एकच फोन नंबर ठेवू. एक एजन्सी म्हणते, नावापुढे 'मुंबईतलं बेस्ट चष्म्याचं दुकान' लावू आणि अंधेरी-बोरिवलीत दोन पत्ते 'टाकून देऊ', म्हणजे तिकडचं गिऱ्हाईकही येईल. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: दोघांचंही नको. दिरांचं म्हणणं निदान प्रामाणिक वैतागातून आलंय, एजन्सीचं तसंही नाही.

गुगलचा हिशेब असा आहे की जिथे गिऱ्हाईक येतं आणि तुमचं माणूस बसलेलं असतं, अशा प्रत्येक जागेला एक प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची दुकानाची एक नोंद. एका जागेला दोन नाहीत आणि चार जागांना मिळून एकच, असंही नाही. तुमची दुकानं चार, म्हणून प्रोफाइल चार. उरलेल्या तिघांचं काय करायचं ते खाली सांगते, पण त्याआधी किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघू. पत्ते, फोटो, वेळा हे सगळं नंतर दुरुस्त करता येतं. ज्या प्रोफाइलची मालकी आपल्याकडे नाही, तिथे केलेली मेहनत मात्र दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

मुलुंडपासून सुरुवात करा. तो सेल्समन भांडून गेला नसेल तर त्याला सरळ फोन लावा. त्याने प्रोफाइलमध्ये जाऊन दुकानाचा ईमेल 'ओनर' म्हणून जोडायचा आणि मग मुख्य मालकी, म्हणजे 'प्रायमरी ओनर', तुमच्याकडे द्यायची. एक अडचण माहीत असू द्या. नव्याने जोडलेल्या मालकाला पहिले ७ दिवस दुसऱ्याला काढता येत नाही आणि मुख्य मालकीही फिरवता येत नाही. म्हणून त्याला आठवड्यानंतर पुन्हा एकदा मोबाइल हातात घ्यावा लागेल, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर लोक पहिल्या दिवशी आभार मानून मोकळे होतात आणि काम अर्धवट राहतं. तो फोन उचलत नसेल तर नकाशावरच्या त्या प्रोफाइलमधून मालकीसाठी विनंती पाठवा. आत्ताच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर पडताळणी करून, म्हणजे दुकान तुमचंच आहे हे गुगलला दाखवून, प्रोफाइल ताब्यात घ्यायचा पर्याय बहुतेक वेळा दिसतो. या काळात 'जाऊ दे, नवीनच बनवते' असं करू नका. पार्ल्याला दोन प्रोफाइल झाली ती बहुधा याच घाईने.

मालकीचा ईमेल दुकानाचा हवा. तुमचा नको, दिरांचा नको आणि एजन्सीचा तर नकोच नको. दुकानाच्या नावाने एक जीमेल काढा, त्याला दुकानाच्याच सिमचा नंबर जोडा आणि तो मुख्य मालक करा. तुम्ही आणि दीर दोघंही 'ओनर' म्हणून आपापल्या ईमेलने जोडले जा. प्रत्येक शाखेचा माणूस फक्त त्याच्या शाखेपुरता 'मॅनेजर'. त्याला फोटो टाकता येतील, वेळा बदलता येतील, रिव्ह्यूला उत्तर देता येईल. प्रोफाइल उडवता येणार नाही. चारही प्रोफाइल एका 'बिझनेस ग्रुप'मध्ये ठेवली की एकाच पडद्यावर दिसतात. (एकगठ्ठा पडताळणीची सोय आहे, पण ती १० किंवा जास्त शाखांना. तुम्हाला एकेक करूनच जावं लागेल.)

दिरांच्या 'एकच प्रोफाइल' या कल्पनेला माझा आणखी एक आक्षेप आहे, तो जरा घरगुती आहे. आज तुमचं दोघांचं छान जमतंय, जमत राहो. पण उद्या शाखा वाटून घ्यायची वेळ आली, किंवा डोंबिवलीचं दुकान कोणाला चालवायला दिलं, तर वेगळं प्रोफाइल सहज त्या माणसाच्या नावावर करता येतं. एकाच प्रोफाइलवर साठलेले रिव्ह्यू चौघांत वाटता येत नाहीत.

आता पार्ले. तुम्ही दोन्ही प्रोफाइलचे पत्ते कळवले नाहीत, पण मुंबईत अशी जोडी बघताना पहिला संशय कुठे घ्यायचा ते ठरलेलं आहे. एकात लिहिलेलं असतं 'शॉप नं. अमुक, महात्मा गांधी रोड, विलेपार्ले पूर्व, मुंबई ४०००५७'. दुसऱ्यात 'एम. जी. रोड, विलेपार्ले, मुंबई ४०००५६'. 'पूर्व' गळला आणि पिन कोड पश्चिमेचा पडला. एवढ्यावर नकाशावरची खूण रुळांच्या पलीकडे जाऊन बसते, आणि चष्मा न्यायला आलेल्या आजोबांना पूल चढून परत यावं लागतं. वर महात्मा गांधी रोड फोर्टात आहे, कांदिवलीत आहे, पार्ल्यात आहे. एल. टी. रोड बोरिवलीला आहे आणि लोकमान्य टिळक मार्ग क्रॉफर्ड मार्केटजवळही आहे. आपण माणसाला पत्ता सांगताना आधी 'ईस्ट की वेस्ट' विचारतो आणि फॉर्म भरताना नेमकं तेच लिहायचं विसरतो.

तेव्हा दोन्ही प्रोफाइलचा पत्ता आधी अक्षर न् अक्षर एकसारखा आणि बरोबर करा. ज्याला जास्त रिव्ह्यू आहेत आणि ज्याची पडताळणी झालेली आहे ते ठेवायचं. मग गुगलच्या सपोर्टला 'दुसरं डुप्लिकेट आहे, यात विलीन करा' असं कळवा. पत्ते जुळत असतील तर दोन्हीकडचे रिव्ह्यू एकत्र येण्याची शक्यता असते. आधीच दुसरं उडवून बसलात तर ती शक्यता संपली. शेवटी खूण बोटाने ओढून दुकानाच्या शटरसमोर आणून ठेवा. सोसायटीच्या मागच्या गेटवर किंवा इमारतीच्या मधोमध खूण पडलेली मी रोज बघते. पत्ता बरोबर असूनही गिऱ्हाईक वॉचमनशी हुज्जत घालत असतं.

डोंबिवलीबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, तरी एकदा तपासा. शहराच्या रकान्यात 'मुंबई' लिहिलं असेल तर काढा. तिथे 'डोंबिवली' आणि पूर्वेचा ४२१२०१ हवा. मुंबई लिहिल्याने दुकान मोठं वाटतं असा काहींचा समज आहे, डोंबिवलीकराला त्याने फक्त शंका येते.

गिरगावचं प्रकरण नाजूक आहे. दुकान हललं त्या वेळी जुन्याच प्रोफाइलचा पत्ता बदलून दादरचा केला असता, तर सासऱ्यांच्या काळातले रिव्ह्यू तुमच्याबरोबर दादरला आले असते. तसं न होता दादरचं नवीन निघालं, म्हणून आता दोन आहेत. आधी सपोर्टला लिहा की हाच व्यवसाय गिरगावातून दादरला गेला आहे. जुन्या आणि नव्या पाटीचे फोटो जोडा. ते काय म्हणतात बघा, तोपर्यंत गिरगावचं काहीही डिलीट करू नका. त्यांनी जोडून दिलं नाही, तर त्याला 'कायमचं बंद' अशी खूण करा. एक फरक नीट समजून घ्या. तुमच्या खात्यातून प्रोफाइल काढून टाकलं म्हणजे नकाशावरून ती जागा जातेच असं नाही. ती तशीच बेवारशी राहू शकते, 'उघडं आहे' असं सांगत. 'कायमचं बंद' असं स्पष्ट लिहिलं की निदान कोणी चर्नी रोडला उतरून पाडलेल्या इमारतीच्या पत्र्यासमोर उभं राहणार नाही.

लोअर परळचा गाळा सोपा आहे. तिथे गिऱ्हाईक यायचं नाही, मग तिथे प्रोफाइल नको, काढा. तुम्ही घरी जाऊन वयस्कर लोकांचा नंबर काढत असाल (बऱ्याच दुकानांनी हे सुरू केलंय, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही), तर त्यासाठीही वेगळं प्रोफाइल लागत नाही. दादरच्याच प्रोफाइलमध्ये सेवा देण्याचे भाग भरता येतात, २० पर्यंत. माहीम, प्रभादेवी, माटुंगा, जिथे माणूस खरोखर पाठवता तेवढेच भरा.

आता ती एजन्सी. 'पत्ते टाकून देऊ' याचा अर्थ कुठल्यातरी को-वर्किंगचं टेबल किंवा ओळखीच्या कोणाचा फ्लॅट दाखवायचा. गुगलच्या नियमात अशी जागा बसत नाही. तुमची पाटी नाही, कामाच्या वेळेत तुमचं माणूस नाही, तर प्रोफाइल नाही. ते पकडलं गेलं तर निलंबित होतंच, आणि त्याच खात्यातल्या खऱ्या दुकानांवरही संशयाची नजर पडते. पकडायला गुगलच यावं लागतं असं नाही. अंधेरीतला खरा चष्मेवाला 'इथे असं दुकान नाही' असं दोन मिनिटांत कळवतो. नावाचंही तेच. पाटीवर आहे ते नाव, बास. 'बेस्ट', 'नियर मी', 'दादर-पार्ले-मुलुंड' असलं शेपूट लावायचं नाही. शाखेचं नाव पाटीवर असेल तरच प्रोफाइलवर.

मग अंधेरीचं गिऱ्हाईक यायचं कसं? गुगल जवळपासच्या शोधात तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं दुकान किती जुळतं, माणसापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीच्या दोन गोष्टी आहेत. आणि पार्ल्याच्या पुढचं स्टेशन अंधेरीच आहे! पार्ल्याचं प्रोफाइल नीट झालं, तर अंधेरीच्या दक्षिणेकडच्या माणसाला ते दिसायला काय हरकत आहे? बोरिवलीचं सोडून द्या. तिथला माणूस नंबर काढायला पार्ल्याला येत नाही, आलाच तर तो तुमचा जुना गिऱ्हाईक असतो आणि त्याला नकाशा लागत नाही.

'किती जुळतं' यात सर्वांत वजनदार असते मुख्य कॅटेगरी. चारही दुकानांना एकच ठेवा, 'ऑप्टिशियन'. त्याशिवाय ९ पर्यंत जास्तीच्या कॅटेगरी देता येतात. गॉगल विकत असाल तर सनग्लासेसची, कॉन्टॅक्ट लेन्स ठेवत असाल तर त्यांची. दुकानात डॉक्टर बसत नसतील तर डोळ्यांच्या डॉक्टरची कॅटेगरी चुकूनही घेऊ नका. मोतीबिंदू दाखवायला आलेल्या माणसाला परत पाठवावं लागतं आणि तो एक स्टार देऊन जातो. त्याचं चुकत नाही.

फोनबाबत दिरांशी माझे मतभेद आहेत. प्रत्येक प्रोफाइलवर पहिला नंबर त्या दुकानाचा, जो त्याच दुकानात वाजतो. मुलुंडच्या बाईंना 'माझा चष्मा आला का' एवढंच विचारायचं असतं. त्यासाठी दादरला फोन, मग दादरहून मुलुंडला फोन, हा उद्योग कशाला? दिरांचा सामाईक नंबर जास्तीचा म्हणून खाली द्या. फक्त दुकानाचं सिम दुकानाच्या नावावर हवं, नाहीतर सेल्समनची गोष्ट परत घडते.

वेबसाइटचा दुवाही शाखेगणिक वेगळा द्या. प्रत्येक शाखेचं एक साधं पान: पत्ता, वेळ, फोन, दुकानाचा बाहेरचा फोटो, स्टेशनच्या कुठल्या बाजूने यायचं. चारही पानांवर तोच मजकूर चिकटवून फक्त गावाचं नाव बदलू नका. जुन्या प्रोफाइलपैकी एखाद्यावर गुगलनेच फुकट दिलेल्या वेबसाइटचा दुवा असेल तर तो मेलेला आहे; ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली.

पडताळणीसाठी हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो एका दमात काढलेला हवा, कापलेला-जोडलेला चालत नाही. रस्त्यापासून सुरू करा. रस्त्याच्या नावाचा फलक किंवा शेजारचं ओळखू येणारं दुकान, मग तुमची पाटी, मग स्वतः कुलूप काढून शटर वर करा, आत जा, काउंटर, नंबर तपासायचं मशीन, बिलिंगचा पडदा. गिऱ्हाइकांचे चेहरे नकोत, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या वेळीच काढा. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव जुळतंय ना ते त्याआधी बघा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर मुंबईत अनेकांनी घाईने मराठी पाट्या केल्या, आणि त्यात कोणाचं 'ऑप्टिक्स' झालं, कोणाचं 'ऑप्टिकल्स', कोणाचं नुसतं 'चष्माघर'. चारही पाट्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघा.

कागदपत्रंही तपासून घ्या, कारण निलंबन झालं तर दाद मागताना तीच लागतात. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाखांना एकच जीएसटी नंबर चालतो, पण बाकीच्या जागा त्या नोंदणीत 'अतिरिक्त व्यवसायाची जागा' म्हणून लिहिलेल्या असाव्या लागतात, लोअर परळचा गाळाही त्यात आला. मुख्य जागा अजून गिरगावच असेल, तर सीएंना आजच फोन करा. असा बदल १५ दिवसांत कळवायचा असतो, हे गुगलपेक्षा मोठं दुखणं आहे. गुमास्त्याचे कागद प्रत्येक दुकानाचे वेगळे. त्यांवर पत्ता जसा छापलाय, तसाच प्रोफाइलवर घ्या.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नाही. एक शीट बनवा, शाखेला एक ओळ: तुमचा स्वतःचा छोटा कोड, पाटीवरचं नाव, पूर्ण पत्ता, पिन, फोन, साप्ताहिक सुट्टी, वेळा, पानाचा दुवा, मॅनेजर कोण, शेवटचं कधी तपासलं. जस्टडायल, फेसबुक, ॲपल आणि बिंगचे नकाशे या सगळीकडे याच शीटमधून कॉपी करायचं, आठवणीतून टाइप करायचं नाही. गुगल पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका. बिंगला तर गुगलवरूनच माहिती ओढून घेता येते.

वेळांकडे दुकानदार सर्वांत कमी लक्ष देतात आणि शिव्या त्यावरूनच सर्वांत जास्त खातात. सणांसाठी 'विशेष वेळा' असा वेगळा रकाना आहे. लक्ष्मीपूजन, धुळवड हे सगळ्यांना सुचतं. दादरला अनंत चतुर्दशी आणि ६ डिसेंबर धरा. त्या दिवशी रस्ते वळवलेले असतात आणि दुकान लवकर बंद होतं, पण तेव्हाच डोंबिवलीचं दुकान नेहमीसारखं चालू असतं. म्हणूनच वेळा शाखेगणिक भरायच्या. शिवाय कोणीही वाटसरू 'बदल सुचवा' दाबून तुमची वेळ बदलायला सांगू शकतो आणि गुगल कधी कधी ते मान्यही करतं. त्याची सूचना दुकानाच्या जीमेलवर येते, तेव्हा ते जीमेल उघडणारं एक माणूस ठरवून ठेवा. तुमच्या पत्रावरून ते तुम्हीच असणार असं दिसतंय.

रिव्ह्यूचं थोडक्यात. प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर त्याच शाखेचा क्यूआर ठेवा. स्टारच्या बदल्यात सूट किंवा फुकट लेन्स क्लीनर द्यायचं नाही, ते नियमाविरुद्ध आहे. दुकानातल्या पोरांनी एकमेकांना पाच-पाच स्टार वाटायचे नाहीत. मुलुंडची तक्रार कोणी दादरवर लिहिली तर ती तिकडे हलवता येत नाही. तिथेच उत्तर द्या आणि मुलुंडचा नंबर द्या.

आणखी एक. तुम्ही प्रोफाइलमध्ये बदल करायला लागलात की 'गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे' असे फोन यायची शक्यता आहे. प्रोफाइल फुकट असतं, त्याचं नूतनीकरण वगैरे काही नसतं. मोबाइलवर आलेला पडताळणीचा कोड अशा माणसाला सांगितलात, तर मुलुंडसारखंच पाचवं प्रकरण उभं राहील. काउंटरवरच्या मुलांनाही हे सांगून ठेवा, कारण फोन तेच उचलतात.

एवढं करूनही हाताशी वेळ नाही आणि एजन्सी लावायचीच असं ठरलं, तर खुशाल लावा, त्यात गैर काही नाही. फक्त 'पत्ते टाकून देऊ' म्हणणारी नको. नव्या एजन्सीला 'मॅनेजर' म्हणून जोडा, पासवर्ड देऊ नका. दरमहा काय बदललं ते तुमच्याच शीटमध्ये लिहून द्यायला सांगा, आणि काम थांबवलं त्या दिवशी तिचं नाव यादीतून काढा.